मधल्या काळाचे कागद
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘ज्येष्ठांसाठी आरोग्यविमा, मृत्युपत्र व इतर कायदेशीर बाबी’. विषय जाहीर झाल्याबरोबर मागच्या रांगेतले चौघे चहाला उठले. पन्नास वर्षांपूर्वी भूमितीच्या तासाला हेच चौघे पाणी प्यायला उठायचे. त्यांनी जावं, पण परत यावं. कारण उठून गेलेल्यांपैकी एकाची मुदत ठेव अजून एकट्याच्या नावावर आहे, हे त्यानंच मला काल रात्री सांगितलंय.

आपण १९७५ ची बॅच, नव्या दहावीची पहिली. त्याच वर्षी जुन्या अकरावीचीही परीक्षा झाली, आणि ती मंडळी आपल्याला कच्चे मॅट्रिक म्हणून चिडवायची. आज आपण सगळे पासष्ट-सहासष्टचे आहोत. काहींचे आईवडील अजून आहेत. मुलं पुण्यात, बंगळुरात, काहींची समुद्रापलीकडे. आपण आईबापांचे कागद शोधतोय आणि थोड्याच वर्षांत आपली मुलं आपले शोधणार आहेत. म्हणून मी आज काही शब्दांबद्दल बोलणार आहे. शब्द सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. नॉमिनी, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, बक्षीसपत्र, कॅशलेस. घोटाळा असा की ते इतके ओळखीचे आहेत की त्यांचा अर्थ विचारायची आपल्याला लाज वाटते.

मी चौतीस वर्षं बँकेत काढली. खातेदार दवाखान्यात आहे, सही करता येत नाही, पैसे पाहिजेत, असं सांगत लोक काउंटरवर यायचे. त्याला रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सही जमत नसेल तर अंगठा, हाताचा नसेल तर पायाचा, आणि दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाईचं पॅड घेऊन मी स्वतः सीपीआरच्या वॉर्डात कितीतरी वेळा गेलोय. पण त्या नियमात एक गोष्ट गृहीत आहे. अंगठा कशावर उठतोय हे त्या माणसाला कळलं पाहिजे. जिथं ते कळत नव्हतं तिथं मी पॅड खिशात ठेवून परत यायचो आणि घरच्यांना ‘नाही’ म्हणायचो. माझ्यावर लोक चिडायचे. एका म्हाताऱ्या वहिनींनी विचारलं होतं, “साहेब, पैसा त्यांचा, आजार त्यांचा, मग तुमचं काय जातंय?” माझ्याकडे उत्तर होतं, नियमाचं.

मग २०१९ मध्ये माझ्या वडिलांना मेंदूचा झटका आला. जीव वाचला, पण बोलणं गेलं आणि समजही गेली. माणूस ओळखायचे, कधी नाही ओळखायचे. बाबांच्या ठेवी त्यांच्या एकट्याच्या नावावर होत्या, नॉमिनी आई. बँक दुसरी होती. काउंटरपलीकडच्या तरुण अधिकाऱ्यानं मला नम्रपणे तेच वाक्य ऐकवलं जे मी चौतीस वर्षं बोलत होतो. तो बरोबर होता. चुकलो होतो आम्ही. खरं तर मी. जगाच्या ठेवींवर दुसरं नाव घालायला सांगणारा मी, बाबांना विचारायचा धीर केला नव्हता. ‘माझ्या मरणाची घाई झालीय का’ असं ते म्हणतील, ही भीती.

चौदा महिने बाबा अंथरुणावर होते. त्यांच्याच उपचारासाठी त्यांचाच पैसा आम्हाला हात लावता आला नाही. आम्ही भावंडांनी घातले, कर्ज काढलं. आणि बाबा गेल्यावर? मृत्यूचा दाखला, नॉमिनीचा अर्ज, आणि दोन आठवड्यांत सगळी रक्कम आईच्या खात्यात. आई पासबुक हातात घेऊन म्हणाली, “आता काय करू ह्याचं?”

त्या चौदा महिन्यांत मला जे कळलं ते बँकेत कधी कळलं नव्हतं. आपले बहुतेक कागद दोनच काळांसाठी असतात. एक, माणूस धडधाकट असतानाचा. दुसरा, माणूस गेल्यानंतरचा. मधला जो काळ असतो, माणूस आहे पण कळत नाही, त्यासाठी घरात एकही कागद नसतो. आणि आता आयुष्य लांबलंय, तसा हा मधला काळही लांबलाय.

मुखत्यारपत्राचंच घ्या. कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की पुढचं सगळं सुटलं, असं निम्म्या कोल्हापूरला वाटतं. मुखत्यारपत्र म्हणजे मी तुला माझ्या वतीनं वागायला सांगतो. सांगणाराच जेव्हा कायद्याच्या नजरेत सुज्ञ राहत नाही, तेव्हा ते संपतं. भारतीय करार कायद्याचं कलम २०१ तसंच सांगतं. माणूस गेला तरी संपतं, वेडा-स्मृतिभ्रष्ट झाला तरी संपतं. काही देशांत माणसाचं भान गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद केला, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. बाबांचं मुखत्यारपत्र माझ्या नावे होतं. मी ते बँकेत दाखवलंही नाही. दाखवलं असतं तर मीच खोटा ठरलो असतो.

मग रस्ता काय? बेशुद्धावस्थेत किंवा भान हरपलेल्या माणसाचा पालक म्हणून नेमणूक मागायला उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. न्यायालय वैद्यकीय अहवाल मागवतं, नातेवाइकांचं म्हणणं घेतं आणि मग आदेश देतं. आम्हाला तेव्हा त्यासाठी मुंबई गाठावी लागली असती. आईला सोडून कोण जाणार, म्हणून आम्ही तो नाद सोडला. आता गेल्या १८ ऑगस्टपासून, म्हणजे २०२५ पासून, उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय. चाळीसेक वर्षं वकील मंडळी त्यासाठी भांडली, आपल्यातलेही काही उपोषणाला बसले होते. पुढच्या कुणावर ही वेळ आली तर निदान मुंबईचा खेटा वाचेल. पण वेळ येऊच नये यासाठी एक साधी गोष्ट आहे, तिला वकील लागत नाही.

ठेवीवर आणि खात्यावर दुसरं नाव घाला, आणि खाली काय लिहिलंय ते वाचा. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे दोघांपैकी कुणीही चालवू शकतं. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ म्हणजे पहिलं नाव असलेला जिवंत आहे तोवर फक्त तोच, दुसऱ्याला नंतर. ‘जॉइंटली’ म्हणजे दोघांच्या सह्या पाहिजेतच. नवराबायकोचं जोडखातं आहे म्हणून निश्चिंत असलेल्या घरात मी ‘फॉर्मर’ हा शब्द दाखवलाय आणि चेहरे उतरलेले बघितलेत. आणखी एक बारकावा. मुदत ठेव ‘आयदर’ असली तरी मुदतीआधी मोडायला बँक दोघांच्या सह्या मागते. एकट्याला मोडता यावी अशी संमती दोघांनी आधीच लिहून दिलेली असली तर अडत नाही. ठेव ठेवतानाच तो अर्ज द्या. एका कागदाचं काम आहे.

आता नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज कोर्टानं पुन्हापुन्हा खोडलाय. बँक नॉमिनीला पैसे देते ते स्वतःची जबाबदारी संपवायला. नॉमिनीनं ते वारसांसाठी सांभाळायचे असतात. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं हे १९८३ मध्येच सांगितलं होतं. २०१५ साली विमा कायदा बदलला आणि आईवडील, नवरा-बायको, मुलं हे नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच, असं झालं. पण ते फक्त जीवनविम्यापुरतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांचं काय, हा प्रश्न शिल्लक होता. तो सुटला १४ डिसेंबर २०२३ ला, आणि प्रकरण कुणाच्या इस्टेटीचं होतं? कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या. ज्यांच्या दिनदर्शिकेवर आपल्या आयांनी दुधाचे खाडे आणि सिलिंडरच्या तारखा लिहिल्या, त्या माणसाच्या नावानं हा निकाल ओळखला जावा याचं मला नवल वाटतं. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, तरी नॉमिनी मालक की वारस, हा वाद दिल्लीपर्यंत गेला. न्यायालयानं सांगितलं, नामनिर्देशन ही वारसा मिळण्याची वेगळी वाट नाही. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. एवढ्या जाणत्या घराला जर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तर मृत्युपत्रात लिहिलेलं आणि नॉमिनीच्या रकान्यात लिहिलेलं जुळतंय का, हे आपण घरी बसून तपासायला हरकत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनींपर्यंत नावं देता येतात, तेव्हा ‘दोन मुलींत कुणाचं घालू’ ही अडचणही राहिलेली नाही.

मृत्युपत्राबद्दल फार बोलत नाही, कारण ते आपण समजतो त्याहून सोपं आहे. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांनी तुम्हाला सही करताना बघितलेलं हवं, किंवा ही सही माझीच असं तुम्ही त्यांना सांगितलेलं हवं. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीदार करू नका. वय फार झालं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. आणि साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडा! आपल्या बॅचमधल्या एकानं आपल्याच बॅचमधले दोघे साक्षीदार घेतले होते. आज तिघंही नाहीत.

जास्त बोलायचंय ते बक्षीसपत्राबद्दल. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नवऱ्याला, बायकोला, नातवंडांना बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. ही सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळे लोक बक्षीसपत्राला मृत्युपत्राचा स्वस्त भाऊ समजायला लागलेत. ‘पोरगं म्हणतंय आताच करून टाका, नंतर कटकट नको.’ मृत्युपत्र तुम्ही उद्या फाडू शकता, दहा वेळा बदलू शकता. बक्षीसपत्रावर सही झाली की घर त्या दिवसापासून दुसऱ्याचं. नंतर पश्चात्ताप झाला म्हणून ते परत येत नाही.

आपल्या वर्गातली एक मैत्रीण आज आलेली नाही. तिनं मला हे सांगायची परवानगी दिलीय, नाव न घेता. नवरा गेल्यावर तिनं राजारामपुरीतलं घर मुलाच्या नावे बक्षीस करून दिलं. दोन वर्षांनी ती भाड्याच्या एका खोलीत होती. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, त्याचं कलम २३ नेमकं यासाठी आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर प्रांताधिकाऱ्यांसमोरचं न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. पण तिच्या बक्षीसपत्रात अट कुठं होती? ‘प्रेम व आपुलकीपोटी’ एवढंच होतं, कारण सगळ्या बक्षीसपत्रांत तेच छापलेलं असतं. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अशी अट असल्याचं सिद्ध व्हायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं एका आईच्या बाजूनं निकाल देताना सांगितलं की हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, तो उदारपणे वाचला पाहिजे. पण तिथंही मुलानं सांभाळाचं लेखी वचन दिलेलं होतं. आपल्या मैत्रिणीचा अर्ज अजून चालू आहे. ती म्हणाली, “सगळ्यांना सांग, पण पोरगं वाईट आहे असं सांगू नको.”

तेव्हा द्यायचंच असेल तर दस्तातच दोन वाक्यं घाला. देणाऱ्याचा तहहयात सांभाळ घेणाऱ्यानं करायचा, आणि देणाऱ्याला त्या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील. मुलगा चांगला असेल तर त्याला या वाक्यांचा राग येणार नाही. आणि बहिणींकडून साडीचोळीवर हक्कसोडपत्रं घेणाऱ्या भावांनाही एक सांगतो. तो कागदही बक्षीसपत्रासारखाच, मागं येत नाही. माझ्या बहिणीनं सही केली नाही, मी मागितलीही नाही, आणि त्या चौदा महिन्यांत बाबांचं सर्वांत जास्त तिनंच केलं.

आता दवाखाना. इथं बसलेल्या सर-बाईंना आधी विचारतो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय का? ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार यात मिळतात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. आधार कार्डावरचं वय बघतात, बाकी काही नाही. घरात नवराबायको दोघं सत्तरीचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. खासगी विमा असला तरी हे घेता येतं. केंद्र सरकारची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असेल तर मात्र दोन्हींतली एक निवडावी लागते. आपण सत्तरीच्या आतले, त्यांना महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ती आता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, पांढऱ्या कार्डालासुद्धा. दोन्हींत अट एकच, दवाखाना योजनेतला हवा आणि आजार यादीतला हवा. दवाखान्यात शिरल्यावर आरोग्यमित्र कुठं बसतो ते आधी विचारा, डिपॉझिट नंतर भरा.

खासगी पॉलिसीत तीन शब्द बघा. पहिला वेटिंग पिरियड. आधीपासूनच्या आजाराला कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबवू शकते. बीपीची गोळी चालू आहे हे फॉर्मवर लिहा. एजंट म्हणतो, ‘लिहू नका, हप्ता वाढेल.’ क्लेम नाकारला जातो तेव्हा एजंट फोन उचलत नाही. दुसरा को-पे, म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा तुमच्या खिशातून. ज्येष्ठांच्या पॉलिसीत तो हमखास असतो. तिसरा रूम रेंटची मर्यादा, आणि हा सगळ्यांत फसवा. समजा पाच लाखांची पॉलिसी, खोलीला दिवसाला एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतली. तुम्हाला वाटतं वरचे ३,००० आपण भरू. पण डॉक्टर, ऑपरेशन, नर्सिंग यांचं बिलही कंपनी त्याच प्रमाणात, पाच-अष्टमांश देते. ते बिल १,२०,००० असेल तर मिळतात ७५,०००. खोलीच्या हौसेपायी ४५,००० गेले. औषधं आणि तपासण्या यातून वगळल्यात, तेवढाच दिलासा.

आणि कॅशलेस असो, आयुष्मान असो, हे सगळं दवाखान्यात भरती असतानाचं. घरी आणल्यावर रात्रंदिवसाच्या मावशी, हवेची गादी, डायपर, फिजिओथेरपी, यांतलं जवळपास काहीच कुठली पॉलिसी देत नाही. बाबांचे दवाखान्यातले दिवस एकोणीस होते, घरातले चारशेच्या वर. मोठा खर्च घरातला होता. त्यासाठी वेगळी ठेव ठेवा, जोडनावावर.

शेवटचा शब्द लिव्हिंग विल. याचा इस्टेटीशी काही संबंध नाही. इच्छापत्र, इच्छामरण, लिव्हिंग विल, सगळ्यांचा आपल्याकडे एकच काला झालाय. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवत असतील. नोव्हेंबर १९७३ मध्ये, आपण शाळेतच होतो तेव्हा, त्यांच्यावर हल्ला झाला आणि मे २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. त्यांच्या खटल्यात २०११ साली हा प्रश्न पहिल्यांदा नीट चर्चेला आला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली. बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखे फक्त जीव लांबवणारे उपचार मला देऊ नका किंवा देत असाल तर थांबवा, हे शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल त्याचं नाव. तरी डॉक्टरांची दोन मंडळं तपासूनच निर्णय होतो. इंजेक्शन देऊन मारणं यात बसत नाही. ते आपल्याकडे गुन्हाच आहे. आणि उपचार थांबले म्हणजे सेवा थांबत नाही. वेदना कमी करणं, स्वच्छता, पाणी, शेजारी बसणं, हे शेवटपर्यंत चालू राहतं.

बाबांच्या वेळी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर डॉक्टरांनी विचारलं, नळी घालायची का? आम्ही चौघं भावंडं एकमेकांकडे बघत होतो. बाबांना काय हवं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. मोठ्या भावानं ‘घाला’ म्हटलं. धाकटा त्यानंतर वर्षभर त्याच्याशी नीट बोलला नाही.

गेल्या दिवाळीत मी आणि बायकोनं आमचे कागद करायला घेतले. मृत्युपत्र एका संध्याकाळी झालं. लिव्हिंग विलमध्ये ‘माझ्या वतीनं कोण’ या रकान्यावर आठवडा गेला. मुलगा हळवा आहे, त्याला ‘थांबवा’ म्हणणं जमणार नाही. मुलगी लांब. शेवटी आम्ही सुनेला विचारलं. ती काही बोलली नाही, आत गेली, चहा ठेवला, आणि बाहेर येऊन म्हणाली, “लिहा, पण आईंच्या कागदावर माझ्याबरोबर वन्संचंही नाव पाहिजे. एकटीवर टाकू नका.” तसं लिहिलं. फोनवर मुलगी रडली, मग हो म्हणाली. नव्वदीच्या आईला मात्र अजून विचारलेलं नाही. परवा विषय काढला तर म्हणाली, “आधी माझी ठेव जोडनावावर कर, बाकीचं बघू.” ते झालंय.

वय वंदना कार्डासाठी हॉलबाहेर डाव्या हाताला टेबल आहे. आपल्या बॅचच्या दोघांची मुलं मोबाइल घेऊन बसलीत. सर-बाईंनी आणि ज्यांनी आईवडिलांना बरोबर आणलंय त्यांनी आधार कार्ड घेऊन जेवणाच्या आधी तिकडे जावं. नंतर नको. पांढऱ्या रश्श्यानंतर त्या टेबलावर कुणी सापडेल याची मी हमी देत नाही.